आधी दर सांगा, मग दार उघडा

२००५ साली पॉल रेडमाकर ड्रीमवर्क्स या ॲनिमेशन कंपनीत काम करत होते आणि सिलिकॉन व्हॅलीत भाड्याने घर शोधत होते. क्रेगलिस्ट या संकेतस्थळावर जाहिरातींचा ढीग होता, पण कोणतं घर कुठे आहे हे पाहायला प्रत्येक पत्ता नकाशावर वेगळा शोधावा लागे. गूगलने त्याच फेब्रुवारीत आपले नकाशे सुरू केले होते. रेडमाकरांनी त्या नकाशामागचा कोड स्वतः उलगडला आणि क्रेगलिस्टवरची घरं थेट गूगलच्या नकाशावर दाखवली. ‘हाउसिंगमॅप्स’ ही त्यांची साइट एप्रिलमध्ये लोकांसमोर आली. परवानगी कोणाचीच नव्हती. गूगल वकिलाची नोटीस पाठवू शकलं असतं. त्याऐवजी जूनमध्ये त्याने नकाशांचा अधिकृत एपीआय खुला केला आणि पुढे रेडमाकरांनाच नोकरीवर घेतलं.

एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे ठरलेल्या रीतीने माहिती मागायची किंवा काम सांगायची खिडकी. ‘ही खिडकी आम्ही कशाला उघडायची?’ असा प्रश्न साखर कारखाने, पतसंस्था, रुग्णालयं यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्या विचारतात. डेटा बाहेर जाईल आणि ग्राहक हातचा जाईल, ही त्यांची भीती. या स्तंभात मी सुरक्षेबद्दल वारंवार लिहितो, त्यामुळे ही भीती मला पोकळ वाटत नाही. पण तिच्यात एक गोष्ट सुटते. तुम्ही एपीआय दिला नाही, तर ग्राहक स्वतःची वाट काढतोच. एक माणूस तुमच्या स्क्रीनवरचे आकडे बघतो आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाइप करतो. कुठे रोज संध्याकाळी एक्सेलची फाइल निघते आणि मेलवरून फिरते. डेटा तेव्हाही बाहेर जातच असतो. तो कोणी नेला, किती नेला, याची नोंद मात्र कुठेच राहत नाही. एपीआयमध्ये प्रत्येक कॉलची, म्हणजे मागणीची, नोंद राहते, प्रत्येकाची ‘की’, म्हणजे प्रवेशाची किल्ली, वेगळी असते आणि गैरवापर दिसला तर ती तासाभरात बंद करता येते.

म्हणून आपल्या ग्राहकाच्या कार्यालयात कुठे दुहेरी टायपिंग चालतं, हे कंपनीने आधी जाऊन बघावं. पहिला एपीआय कोणत्या कामाचा हवा याचं उत्तर तिथे मिळतं. गूगलला ते हाउसिंगमॅप्सने दिलं होतं.

सॉफ्टवेअरला बाहेरच्या प्रणालीशी बोलता येणं किती गरजेचं आहे, हा धडा आपल्याकडे सरकारने दिला. १ ऑक्टोबर २०२०पासून ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना जीएसटीचं ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं आणि ती मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ला ५ कोटींवर आली. बिलाचा तपशील सरकारी पोर्टलला पाठवायचा आणि तिथून आयआरएन हा क्रमांक व क्यूआर कोड घेऊन बिल छापायचं. दिवसाला चार-दोन बिलं असतील तर हे हाताने जमतं. शेकडो बिलं काढणाऱ्या कारखान्याला ते सॉफ्टवेअरनेच करावं लागतं. ज्यांच्या बिलिंग प्रणालीला बाहेरच्या प्रणालीशी बोलता येत होतं, त्यांच्यासाठी हा बदल सोपा होता. जिला ते येत नव्हतं, तिच्या ग्राहकाला सॉफ्टवेअर बदलण्याचं सबळ कारण मिळालं.

पैशाचा भाग याहून नाजूक आहे आणि बहुतेक कंपन्या इथेच चुकतात. गूगलचे नकाशे आधी फुकट होते. २०१२च्या सुरुवातीला जास्त वापरावर दर लागला, तेव्हा फोरस्क्वेअरसारखी कंपनी ओपनस्ट्रीटमॅपकडे गेली. गूगलने काही महिन्यांतच दर उतरवला. जुलै २०१८मध्ये पुन्हा नवी रचना आली. तेव्हा महिन्याला २०० डॉलरपर्यंतचा वापर माफ होता, त्यापुढे साध्या हलत्या नकाशाच्या हजार लोडला ७ डॉलर. नकाशांतून गूगलने भरपूर कमावलं. २०१६ ते २०१८ या तीन वर्षांत नकाशांपोटी गूगलला ५.८ कोटी डॉलर दिल्याचं उबरने शेअर बाजारात येताना जाहीर केलं. पण मोठं बिल भरणारा ग्राहक पर्यायही शोधतो. नकाशांवर वर्षाला १०० कोटी रुपये खर्च होत होते असं सांगत ओलाने जुलै २०२४मध्ये स्वतःचे नकाशे वापरायला सुरुवात केली. १ ऑगस्टपासून गूगलने भारतातले दर ७० टक्क्यांपर्यंत कमी केले आणि रुपयांत बिल देण्याची सोय केली.

दर आकारणं चूक नाही. सर्व्हर, डॉक्युमेंटेशन, शंकांना उत्तरं देणारी माणसं, जुनं व्हर्जन चालू ठेवणं, या सगळ्याला पैसा लागतो. जो एपीआय कंपनीला काहीच मिळवून देत नाही, तो खर्चकपातीत पहिला बंद होतो. चूक आहे ती फुकटाची सवय लावून एकाएकी बिल पुढे करण्यात. २०२३मध्ये रेडिटने नेमकं हेच केलं. रेडिट वाचण्यासाठीचं ‘अपोलो’ हे लोकप्रिय ॲप एकट्या डेव्हलपरने उभं केलं होतं. नव्या दराने त्याचं वर्षाचं बिल सुमारे २ कोटी डॉलर होत होतं आणि तयारीला हातात जेमतेम महिना होता. ३० जूनला ते ॲप बंद पडलं आणि त्याआधी निषेध म्हणून रेडिटवरचे हजारो समूह कुलूपबंद झाले. रेडिटला पैसे मागण्याचा हक्क होता, हे मी मान्य करतो. महिन्याची मुदत मात्र अन्यायाची होती. ज्यांनी तुमच्या भरवशावर वर्षानुवर्षं काम उभं केलं, त्यांना निदान वर्षभराचा अवधी द्यायला हवा.

विकणाऱ्यालाही यात धोका असतो, हे सांगायला हवं. ट्विलिओ ही कंपनी एसएमएस आणि फोन कॉलचे एपीआय विकते. तिचा मोठा ग्राहक होता उबर. उबर आपला वापर कमी करणार, हे मे २०१७मध्ये कळलं आणि ट्विलिओचा शेअर एका दिवसात सुमारे एक चतुर्थांश पडला. एका बड्या ग्राहकापेक्षा शंभर मध्यम ग्राहक परवडतात. ते मिळवायचे तर दरपत्रक उघड हवं, चाचणीसाठी सँडबॉक्स हवा आणि सेल्सच्या माणसाला फोन न करता पहिला एपीआय कॉल लावता यायला हवा.

आपल्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी हे स्वतःहून करावं. त्या करत नसतील तर त्यांना भाग पाडणं ग्राहकाच्या हातात आहे. तुम्ही कारखाना, पतसंस्था किंवा रुग्णालय चालवत असाल, तर पुढच्या करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: एपीआय कोणत्या कामांसाठी मिळेल, त्याचा दर काय, आणि तो बदलायचा किंवा बंद करायचा झाल्यास किती महिने आधी कळवलं जाईल.