कापशीचा टिलवा आणि विजेचा हिशेब

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे उत्तर ध्रुवावरचे प्राणी धोक्यात येतील, असं कुणी म्हटलं की वऱ्हाडातला माणूस विचारतो, ‘आमचा त्याच्याशी काय संबंध?’ अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, नळाला रोज पाणी येत नाही. हिमअस्वलाची काळजी आम्ही कुठे करत बसायची? प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यामागची समजूत चुकीची आहे. उत्तर ध्रुवाकडचे वन्यजीव दर हिवाळ्यात आपल्या दाराशी येतात.

पातूर रस्त्यावरच्या कापशी तलावाचं पाणी हिवाळ्यात मागे सरकू लागलं की काठ उघडा पडतो. त्या ओल्या चिखलात चिमणीएवढे करडे पक्षी दिसतात. दोन पावलं धावायचं, चोच खुपसायची, पुन्हा धावायचं, दिवसभर हेच. हा छोटा टिलवा, वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम. त्याची वीण सायबेरियाच्या उत्तर टोकाला, टुंड्रात होते. सोनचिखल्याही तिकडचाच. मोर्शीजवळ सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाच्या काठावरही हिवाळ्यात दूरदूरचे पाहुणे उतरतात.

त्यांच्या माहेरी काय चाललं आहे? १९७९ पासून उत्तर ध्रुवप्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. बर्फ लवकर वितळलं की किडेही लवकर निघतात, आणि पिल्लं अंड्यातून बाहेर येईतो त्यांचा बहर ओसरलेला असतो. तैमीर द्वीपकल्पात वीण करणाऱ्या रेड नॉट या पक्ष्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बर्फ लवकर वितळलेल्या वर्षांतली पिल्लं अंगाने लहान आणि आखूड चोचीची निघाली. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाळूत खोल असलेल्या शिंपल्यांपर्यंत ती चोच पोचेना, आणि अशी पिल्लं जगण्याचं प्रमाण घटलं. नुकसान झालं ध्रुवावर, उपासमार झाली हजारो किलोमीटर दक्षिणेला. टिलवाही त्याच टुंड्रात वाढतो.

आता या सगळ्याचं खापर कृत्रिम बुद्धिमत्तेवर फोडणाऱ्यांना आधी उत्तर देतो, कारण अतिशयोक्तीने आपलीच बाजू लंगडी होते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानुसार २०२४ मध्ये जगातल्या सगळ्या डेटा सेंटरनी मिळून सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या वापराच्या दीड टक्का. त्यातलाही सगळा वाटा कृत्रिम बुद्धिमत्तेचा नाही. ध्रुवावरचं बर्फ वितळवलं ते शंभर-दीडशे वर्षं जाळलेल्या कोळशाने, तेलाने आणि वायूने. हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

पण एवढ्यावर सुटका करून घेणाऱ्यांचं म्हणणं मला मुळीच पटत नाही. गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की जेमिनीला विचारलेल्या साधारण एका प्रश्नाला ०.२४ वॉट-तास वीज आणि पाण्याचे पाच थेंब लागतात. तो आकडा मी खोटा म्हणत नाही, अपुरा म्हणतो. यंत्राला शिकवताना लागलेली वीज त्यात नाही. पाच थेंब हे डेटा सेंटर थंड ठेवण्याचे आहेत. वीज तयार करताना औष्णिक केंद्राने पिऊन टाकलेलं पाणी त्यात धरलेलं नाही. आणि एका प्रश्नाचा खर्च कितीही कमी झाला तरी प्रश्नांची संख्या वाढतेच आहे. त्याच ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे की २०३० पर्यंत डेटा सेंटरचा वापर ९४५ अब्ज युनिटांवर जाईल. आज अख्खा जपान वापरतो त्याहूनही हे थोडं जास्तच.

जे पाणी या हिशेबातून गळतं, ते वऱ्हाडाला चांगलं ठाऊक आहे. देशातल्या डेटा सेंटरची सर्वांत मोठी गर्दी मुंबई-नवी मुंबईत आहे. ऐरोली, रबाळे, महापे ही नावं त्या धंद्यात प्रसिद्ध आहेत. राज्याची वीज मात्र अजून मुख्यतः कोळशावर चालते आणि त्यातला मोठा भाग विदर्भात तयार होतो. चंद्रपूरची वीज मुंबईच्या दिशेने पडघ्यापर्यंत नेणारी साडेसातशे किलोमीटरची वाहिनी १९९९ पासून सुरू आहे. आपल्याकडे पारसला २५० मेगावॉटचे दोन संच आहेत, नांदगावपेठला २७० मेगावॉटचे पाच. पारसचं अमुक युनिट महाप्याच्या अमुक यंत्रात गेलं, असं कुणी दाखवू शकत नाही. ग्रिड एकच आहे. पण मागणी वाढली की भट्टी पेटते ती इथे, आणि राख पडते तीही इथेच. नांदगावपेठच्या प्रकल्पाला अप्पर वर्धाचं पाणी द्यायचं ठरलं तेव्हा सिंचनाचं पाणी जातं म्हणून अमरावतीचे शेतकरी रस्त्यावर उतरले होते. ज्या जलाशयावर पाहुणे पक्षी उतरतात, तोच हा जलाशय.

‘पण याच तंत्राने वन्यजीव वाचतात’, हा विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा. तो मी पूर्ण मान्य करतो. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यांनी तीन कोटी ४८ लाखांवर छायाचित्रं टिपली. त्यातून वाघ, बिबट्या, सांबर वेगळे काढायला संगणकाला शिकवावं लागलं. माणसं बसवून ते वेळेत झालं नसतं. मेळघाटासारख्या दऱ्याखोऱ्यांच्या जंगलात हे साधन हवंच. मात्र वाघाचे पट्टे ओळखणाऱ्या आज्ञावलीची वीज आणि जाहिरातींसाठी दिवसरात्र चित्रफिती पाडणाऱ्या यंत्रांची वीज एकाच तराजूत घालू नका. पहिलीच्या पुण्याईवर दुसरीची बिलं माफ होत नाहीत.

म्हणून बंदी मागत नाही, हिशेब मागतो. महाराष्ट्राने २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना सवलती दिल्या आहेत. सवलत जनतेच्या पैशातून जाते, तर अट घालण्याचा हक्कही जनतेचा आहे. प्रत्येक केंद्राने दर महिन्याला किती युनिट वीज घेतली, त्यात रात्रीची कोळशाची किती, पाणी किती आणि कुठलं, हे जाहीर करावं. जो जाहीर करणार नाही त्याची सवलत काढून घ्यावी. आणि आपल्या हातातलं काम आपण करावं: कापशीसारख्या तलावांच्या काठावर हिवाळाभर अतिक्रमण होऊ देऊ नये, गाळपेर करताना उथळ चिखलाचा एक पट्टा पक्ष्यांसाठी मोकळा ठेवावा. त्याला मुंबईची परवानगी लागत नाही.

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं तेव्हा टिलवे आपल्या तलावांवर असतात. अमरावती-अकोल्याच्या वाचकांनो, आपापल्या आमदाराला पत्र लिहा आणि डेटा सेंटरच्या वीज-पाण्याचा हा प्रश्न याच अधिवेशनात सभागृहात मांडायला लावा.