आधी खोली पाहावी, मग डिफ्यूजर

घरगुती समारंभांचे फोटो काढणाऱ्यांनी फ्लॅश घेतला की लगेच दुसरी खरेदी, डिफ्यूजरची, खुणावू लागते. काही शे रुपयांत मिळणारी पांढऱ्या प्लास्टिकची डोम घ्यावी, की स्टँडवर उभा करायचा सॉफ्टबॉक्स? दोन्ही बाजूंचे लोक ठामपणे बोलतात आणि दोघांकडेही दाखवायला चांगले फोटो असतात. मग गोंधळ कशाने होतो? फोटो कुठे काढले, हे कोणी सांगत नाही म्हणून.

चंडीगडचा सेक्टर ३९ घ्या. शहराच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे ३१ ते ४७ या सेक्टरांत, तो मोडतो. १९८४ साली स्थापन झालेली सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था, सगळ्यांच्या तोंडी ‘इमटेक’, ३९-ए मध्ये आहे. बदलीवर इकडे आलेल्या एखाद्या मराठी घरात गणपती बसतो तो दहा-बारा फुटांच्या बैठकीच्या खोलीत. आरती झाली की साऱ्यांचा एकत्र फोटो मात्र बाहेर हिरवळीवर, कारण ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्यात प्रत्येक सेक्टराला मोकळी हिरवी पट्टी ठेवलेली आहे. एकाच संध्याकाळी, एकाच कॅमेऱ्याने आत आणि बाहेर. डोम आणि सॉफ्टबॉक्सची खरी परीक्षा इथेच होते.

प्रकाश मऊ होतो तो पांढऱ्या प्लास्टिकमुळे किंवा कापडामुळे नव्हे. समोरच्या माणसाला प्रकाशाचा उगम जितका मोठा दिसेल तितकी सावलीची कड विरघळते. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स एक मीटरवर असेल तर चेहऱ्याच्या मानाने तो मोठा असतो. तोच चार मीटरवर नेला की एक मीटरवरच्या १५ सेंटिमीटरच्या चौकोनाइतकाच उरतो. फ्लॅशच्या तोंडावर बसणारी डोम तर जेमतेम मुठीएवढी.

तरीही डोमला हसणे अन्यायाचे आहे. पांढऱ्या छताच्या लहान खोलीत ती प्रकाश चहूकडे फेकते, भिंती आणि छत तो परत पाठवतात आणि खोलीच उगम बनते. थोडा प्रकाश थेट पुढेही जात असल्याने डोळ्यांखालचा काळोख भरून निघतो. आरतीच्या गर्दीत स्टँड उभा करायला जागा नसते, लहान मुले धावत असतात, निरांजन हाती घेतलेली आजी कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी कॅमेऱ्यावरच राहणारे साधन सोयीचे पडते. हिरवळीवर गेल्यावर मात्र हीच डोम निरुपयोगी ठरते. प्रकाश परतवायला भिंतच नसते. बराचसा आकाशात जातो, बॅटरी लवकर संपते आणि चेहऱ्यावरची सावली होती तशीच कडक राहते.

सॉफ्टबॉक्सची बाजू माणूस शांत बसला असेल तेव्हा भक्कम होते. पैठणीची जर, नथीचे मोती, कपाळावरचा घाम हे सारे लहान उगमाखाली टोचल्यासारखे चमकते. जवळच्या मोठ्या उगमाखाली ती चमक पसरून सौम्य होते. शिवाय प्रकाश बाजूने येत असल्याने चेहऱ्याला उठाव मिळतो, आणि खोलीच्या रंगाचा फारसा त्रास होत नाही. पण त्यासाठी स्टँड, ब्रॅकेट, ट्रिगर आणि बाहेर वारा सुटला तर स्टँड धरायला एक माणूस हवा. दोन पडद्यांतून जाताना निम्मा किंवा त्याहून अधिक प्रकाश खर्ची पडतो. बारा जणांच्या समूहासाठी तो मागे सरकवला की मऊपणाही जातो. जवळ ठेवावा तर दोन मीटरवरच्या पहिल्या रांगेला मिळणाऱ्या प्रकाशाचा चौथाच हिस्सा चार मीटरवरच्या शेवटच्या रांगेला मिळतो.

तिसरा पर्याय फुकट आहे म्हणून दुर्लक्षित राहतो. फ्लॅशचे डोके उघडेच ठेवून छताकडे किंवा मागच्या भिंतीकडे वळवावे; यालाच बाउन्स म्हणतात. छतावर उमटणारा उजेडाचा पट्टा कोणत्याही डोमपेक्षा कितीतरी मोठा असतो. मर्यादा इतकीच की छत पांढरे आणि बेताच्या उंचीचे हवे. चंडीगडची ओळख असलेल्या उघड्या विटांवरून आणि काँक्रीटवरून प्रकाश कमी आणि रंग बदलून परततो. लग्नाच्या रंगीत तंबूत तर त्याहून वाईट. सगळीकडे सारखी पिवळसर झाक आली तर व्हाइट बॅलन्सने ती काढता येते. एका बाजूची भिंत हिरवी असेल तर अर्ध्या चेहऱ्याचे काय करणार?

आमच्या मते क्रम असा असावा. नव्याने शिकणाऱ्याने काही महिने बाउन्सवरच काढावेत; प्रकाश कुठून परततो हे त्यातून डोळ्यांना कळते. घरातले समारंभ हेच मुख्य काम असेल तर साधी डोम पुरे. महागड्या नावाची डोम तेच काम करते. एकट्या-दुकट्या माणसांची चित्रे नेमाने काढायची असतील, आणि विशेषतः मोकळ्यावर, तर ६० ते ८० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स स्टँडसह घ्यावा. कॅमेऱ्यावरच बसणारा इवलासा सॉफ्टबॉक्स पावलाभर अंतरावरच्या फुला-किड्यांसाठी उत्तम. तीन मीटरवरच्या माणसासाठी त्यावर पैसे घालवू नयेत.

दुकानात जाण्यापूर्वी गेल्या वर्षाचे आपले फोटो दोन भागांत लावून पाहावेत: छताखालचे आणि आभाळाखालचे. ज्या भागात जास्त आहेत, त्याच भागासाठी पैसे खर्च करावेत.