दूधवाल्याला नोंदणी क्रमांक विचारा

माहुलला माझी मावसबहीण राहते. चेंबूरजवळचं हे मूळ कोळ्यांचं गाव. आता एकीकडे तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि दुसरीकडे पुनर्वसनाच्या इमारती. मध्यंतरी तिच्याकडे मुक्कामाला होते. पहाटे सहाला दारात दूधवाला. तिने पातेलं पुढे केलं, त्याने मापाने दीड लिटर ओतलं, वर थोडं वरकड घातलं. मी म्हटलं, "पिशवीचं का घेत नाहीस गं?" ती म्हणाली, "ताई, त्याला अशी साय कुठे येते? आणि हा पैशांसाठी महिनाअखेरपर्यंत थांबतो. दुकानदार थांबेल का?"

तिचं चुकलं नव्हतं. पण तबेला कुठे, म्हशींना काय खायला घालतात, जनावरांची तपासणी कधी झाली, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. घरातली दोन नातवंडं मात्र तेच दूध पितात.

"आम्ही उकळूनच घेतो," हे आपलं ठरलेलं उत्तर. ते निम्मं खरं आहे. नीट उकळी आली की क्षयाचे, ब्रुसेलोसिसचे जंतू मरतात. म्हणूनच धारोष्ण दूध कितीही पौष्टिक म्हटलं, तरी पोरांना कच्चं देऊ नये. पण जनावराला दिलेल्या प्रतिजैविकांचा अंश किंवा बुरशी लागलेल्या पेंडीतून उतरणारं अफ्लाटॉक्सिन उकळून जात नाही. घरच्या घरी ते ओळखताही येत नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातले 6,432 नमुने तपासले. भेसळ सापडली फक्त 12 नमुन्यांत. मर्यादेपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन मात्र 368 नमुन्यांत आणि प्रतिजैविकं 77 नमुन्यांत निघाली. आपण घाबरतो युरियाला, आणि धोका निघतो चाऱ्यात! शिवाय अफ्लाटॉक्सिनचं प्रमाण कच्च्यापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधातच अधिक होतं. म्हणजे पिशवी चांगली नि सुट्टं वाईट, असा सोपा हिशेब नाही. फरक एवढाच, की पिशवीवर नाव-पत्ता असतो. काही झालं तर जाब कुणाला विचारायचा, ते कळतं.

शहरातल्या म्हशी बाहेर नेण्यासाठी 1949 मध्ये गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. 1976 मध्ये शहरी भागात जनावरं पाळण्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा 2011 पासून अमलात आला. त्यात छोट्या विक्रेत्यालाही नोंदणी सक्तीची आहे. सगळं दूध सहकारी संस्थेला घालणाऱ्या सभासद शेतकऱ्याला तेवढी सूट आहे. कायदे आहेत, पण आपल्या उंबऱ्यापर्यंत ते पोचलेले नाहीत.

मग सुट्ट्या दुधावर बंदीच आणा, असं कुणी म्हणतं. मला ते पटत नाही. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या कितीतरी बायका आहेत. दारोदार रतीब घातला की रोख पैसा हातात येतो. बंदी आली तर तेच दूध चोरून विकलं जाईल. त्यापेक्षा किटलीवर नोंदणी क्रमांक लिहिणं सक्तीचं करा. जनावरांची वर्षातून एकदा क्षय आणि ब्रुसेलोसिससाठी तपासणी करा. बाजाराच्या दिवशी तपासणीची गाडी गावात उभी करा आणि निकाल नगरपालिकेच्या फळ्यावर लावा.

तोवर मैत्रिणींनो, निदान विचारा तरी. एकटीला अवघड वाटत असेल तर बचत गटाने मिळून विचारा.

बहिणीने विचारलंच. दूधवाला आधी गप्प झाला. मग म्हणाला, "काकू, आजवर कुणी विचारलंच नाही." आठ दिवसांनी त्याने तबेल्याच्या मालकाच्या नोंदणीची झेरॉक्स आणली. पत्ता जुन्या जागेचा, आणि तबेला तिथून हलून चार वर्षं झालेली! तिने रतीब तोडला नाही. म्हणाली, "नवा पत्ता नोंदवून आण. तोवर रोज विचारणार."