कथेतील फेरफाराची नोंद

महामानवांच्या चित्रवाणी मालिका पाहणाऱ्यांत एक वर्ग असा आहे की, ज्याला नायकाच्या पराक्रमापेक्षा त्याच्या चरित्रातील विसंगतींत अधिक रस असतो. मागील दृश्यात फाटलेला अंगरखा पुढील दृश्यात धड कसा झाला, तिसऱ्या भागात मेलेला खलपुरुष सत्ताविसाव्या भागात कोणत्या न्यायाने परतला, नायकाचे वय दोन ठिकाणी दोन प्रकारे का सांगितले गेले, यांवर ही मंडळी रात्र रात्र वाद घालतात. चित्रपटव्यवसायात दृश्यादृश्यांतील या सलगतेला ‘कंटिन्युइटी’ म्हणतात आणि ती राखण्यासाठी वेगळा माणूस नेमतात. त्याच्या नजरेतून जे सुटते ते या प्रेक्षकांच्या नजरेतून सुटत नाही. वडीलधाऱ्यांना हा सारा रिकामटेकडेपणा वाटतो. वस्तुतः ही मंडळी एक जुने आणि आवश्यक काम करीत आहेत, आणि त्या कामाला लागणारे साधनच आज त्यांच्या हातून निसटत आहे. याकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते.

आपल्याकडील ठळक उदाहरण ‘शक्तिमान’ या मालिकेचे. १३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका मार्च २००५ पर्यंत चालली. वाशीपर्यंत लोकलगाडी १९९२ साली आली. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत वाशी, नेरूळ, बेलापूर येथील सिडकोच्या वसाहतींत ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या वाट्याला मुकेश खन्ना यांनी रंगविलेला हा नायक आला. त्याच्याविषयीचे वादही तेव्हाचेच. वार्ताहर गीता विश्वास हिची भूमिका आरंभी किटू गिडवानी यांनी केली, पुढे वैष्णवी महंत आल्या. पात्र तेच, चेहरा निराळा, आणि कथेतील कोणालाही त्याचे नवल नाही! चष्मा चढवून, दात पुढे काढून शक्तिमानचा गंगाधर झाला की वृत्तपत्रकचेरीतल्या रोजच्या सहकाऱ्यांनाही तो ओळखू येत नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखविली, तेव्हा १९९७ ची मुले आईबापांच्या वयाची झाली होती. जुनी आठवण आणि पडद्यावरील पुरावा समोरासमोर आले. कित्येक वाद त्यामुळे मिटले, काही नव्याने पेटले.

यातील सर्व चुका एका जातीच्या नसतात. अंगरख्याची चूक ही अपघाताची. तिच्यावर हसावे आणि पुढे जावे. परंतु कथेने स्वतःच घातलेला नियम मोडला, तर प्रेक्षकाच्या विश्वासाला धक्का बसतो. अमेरिकेतील ‘द फ्लॅश’ या मालिकेच्या २०१४ मधील पहिल्याच भागात भविष्यकाळातील एक वृत्तपत्र दाखविले होते. त्यावर तारीख होती २५ एप्रिल २०२४, आणि बातमी होती नायक नाहीसा झाल्याची. प्रेक्षकांनी ती तारीख जपून ठेवली. पुढे निर्मात्यांना ते संकट डिसेंबर २०१९ मध्येच आणावेसे वाटले. तेव्हा केवळ तारीख बदलून चालले नाही. काळाचा प्रवाहच बदलला आहे, असा खुलासा कथेत घालावा लागला. कोट्यवधींचा व्यवसाय करणाऱ्या निर्मात्यांना हा खुलासा द्यावा लागला, तो स्मरणशक्ती शाबूत असलेल्या प्रेक्षकांमुळेच. मार्व्हल या चित्रकथा प्रकाशनाच्या स्टॅन ली यांनी १९६० च्या दशकात अशा वाचकांचे कौतुक गमतीने केले. नुसती चूक दाखविणाऱ्यापेक्षा ती चूक कशी नाही, याचा चतुर खुलासा करणाऱ्याला पुढे पारितोषिक मिळू लागले. ते पारितोषिक म्हणजे एक रिकामा लिफाफा!

खुलाशाची ही विद्या आपल्याला परकी नाही. गोदातीरावरील कोपरगावहून काशीला गेलेल्या नीलकंठ चतुर्धरांनी सतराव्या शतकात महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. त्यापूर्वी त्यांनी निरनिराळ्या प्रांतांच्या पोथ्या जमविल्या, त्यांतील पाठ ताडून पाहिले आणि जेथे विरोध दिसला तेथे समन्वय केला. त्याही पूर्वीचे उदाहरण मराठी गद्याच्या उगमापाशीच आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ परचक्राच्या धामधुमीत हरवले आणि महानुभावांनी ते स्मरणातून पुन्हा उभे केले. तेव्हा स्वामींचे अमुक वचन कोणाच्या स्मरणात कसे होते, यावर मतभेद झाले. त्यांनी ते दडपले नाहीत. निरनिराळे पाठ ‘वासना’ या नावाने ग्रंथातच नोंदवून ठेवले. श्रद्धा जितकी उत्कट, तितकी पाठाविषयीची काटेकोर वृत्ती अधिक, हेच येथे दिसते.

या वृत्तीचा सर्वांत मोठा आविष्कार पुण्यात झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून त्याला शास्त्रशुद्ध पद्धत घालून दिली आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. गणपतीने व्यासांचा लेखनिक होऊन महाभारत लिहून घेतले, ही घराघरांत सांगितली जाणारी कथा मूळ संहितेत बसत नाही, असा निर्णय संपादकांनी दिला. ज्या प्रांतात गणेशोत्सव साजरा होतो, त्याच प्रांतातील विद्वानांचा हा निर्णय! परंतु त्यांनी ती कथा फाडून टाकली नाही. ती परिशिष्टात ठेवली. नाकारलेला प्रत्येक पाठ तळटिपेत आहे, तो कोणत्या पोथीत सापडतो याचा निर्देश आहे. त्यामुळे उद्या कोणाला संपादकांचा निर्णय चुकीचा वाटला, तर त्याच्याशी भांडण्याचे साहित्य संपादकांनीच त्याच्या हाती दिलेले आहे. विद्वत्तेची सचोटी म्हणतात ती हीच.

आता आजच्या मालिकांकडे पाहावे. मे २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या एका भागात मध्ययुगीन मेजवानीच्या मेजावर आधुनिक कॉफीचा कागदी पेला दिसला. जगभर हशा पिकला, आणि एकदोन दिवसांत तो पेला मालिकेच्या प्रतीतून पुसला गेला. ही निरुपद्रवी गंमत म्हणून सोडून देता येईल. पण २०२१ च्या ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ या महामानवांच्या मालिकेतील काही हिंसक दृश्ये २०२२ साली सौम्य झालेली प्रेक्षकांना आढळली. बोभाटा झाल्यावर चुकीची प्रत चढविली गेल्याचे सांगण्यात आले आणि मूळ दृश्ये परत आली. खुलासा खरा मानावयास हरकत नाही. प्रश्न वेगळाच आहे. हा बदल ध्यानात आला तो कोणत्याही संस्थेच्या नव्हे, तर हौशी प्रेक्षकांच्या. ती दृश्ये कोणाला आठवली नसती तर? मूळ प्रत अशीच होती, असेच पुढील पिढीने मानले असते. पूर्वी चित्रफीत घरी असे, तबकडी कपाटात असे. आज प्रेक्षक पैसे मोजतो ते पाहण्याच्या परवानगीचे. प्रत मालकाकडेच राहते आणि तो ती केव्हाही बदलू शकतो.

निर्मात्याला आपली चूक सुधारण्याचा अधिकार नाही काय, असे कोणी विचारील. अवश्य आहे. लेखक दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करतोच. परंतु पहिली आवृत्ती ग्रंथालयात राहते आणि दुसरीवर ‘दुसरी आवृत्ती’ असे छापलेले असते. चूक सुधारणे आणि चूक घडलीच नाही असे भासविणे या दोहोंत अंतर आहे. हे अंतर नवी मुंबईच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नसावी. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसले. सातबाऱ्यावर हक्क बदलला तरी जुन्या धारकाचे नाव नाहीसे करीत नाहीत. त्याला कंस करतात आणि फेरफाराचा क्रमांक लिहितात. १९८४ च्या आंदोलनानंतर पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली, तेव्हा कोणाची किती जमीन गेली याची साक्ष त्या कंसांतील नावांनीच दिली. तलाठ्याच्या दप्तराला जी शिस्त लागू आहे, ती लक्षावधी लोकांच्या स्मरणाचा भाग झालेल्या कथांना का नसावी?

नोंद राहिली नाही म्हणजे काय होते, याचा अनुभव आपण घेतला आहे. १९३१ चा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आज पाहावयास मिळत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या १९६० च्या दशकातील फिती पुसल्या, आणि तिचे कितीतरी भाग कायमचे गेले. त्या हरवलेल्या भागांचे ध्वनी मात्र आज ऐकता येतात, कारण काही प्रेक्षकांनी घरच्या ध्वनिमुद्रकावर ते टिपून ठेवले होते. ज्यांना जग वेडे म्हणत होते, त्यांनीच संस्थेची लाज राखली.

या वादप्रिय मंडळींत दोष नाहीत असे नाही. क्षुल्लक चुकीवरून नटनट्यांची निंदानालस्ती करणारे, स्त्रीपात्राला महत्त्व मिळताच ‘मूळ कथे’चा आक्रोश करणारे त्यांत आहेत. त्यांची तरफदारी करण्याचे कारण नाही. परंतु टीकाकारांत हटवादी होते म्हणून कोणी पोथ्या जाळल्या नाहीत.

उपाय दुर्घट नाही. १९५४ च्या कायद्याने भारतीय प्रकाशकाने आपल्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देणे बंधनकारक आहे. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. हा कायदा पुस्तके आणि नियतकालिके ओळखतो, मालिका ओळखत नाही. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. प्रथम प्रक्षेपित झालेल्या प्रत्येक मालिकेची एक प्रत अशा संग्रहात जमा करण्याचे बंधन घालावे, आणि नंतर बदल केल्यास तो केव्हा व कोठे केला याची एक ओळ प्रेक्षकाला दिसेल अशी द्यावी. साठवणुकीची अडचण कोणी सांगू नये. ठाणे–बेलापूर रस्त्यालगत, जेथे एके काळी रासायनिक कारखान्यांचा पट्टा होता, तेथे ऐरोली, रबाळे, महापे भागांत आज डेटा सेंटरच्या प्रचंड इमारती अहोरात्र वीज व पाणी खात उभ्या आहेत. आधुनिक पोथ्यांची ही कोठारे आपल्याच दारात आहेत. त्यांच्या किल्ल्या मात्र केवळ व्यापाऱ्यांकडे असाव्यात, हे समाजहिताचे नाही.

आज पुसला गेला तो कॉफीचा पेला आहे. पण पेला पुसणारे तंत्र मंत्र्याचे भाषण, साक्षीदाराचा जबाब किंवा दंगलीचे चित्रण पुसताना वेगळे असणार नाही. काल काय दाखविले होते, हे छातीठोकपणे सांगणारे चार लोक समाजात असावे लागतात. त्यांनी ती सवय एखाद्या उडत्या नायकाच्या अंगरख्यावरून लावून घेतली असेल, तर तिला हसू नये. त्यांच्या वादाला पुरावा मिळत राहील, एवढी व्यवस्था आपण करावी.