उस्तादांनाही सराव हवा

पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या मैदानावर रायफलवर कुणी व्याख्यान झोडत नाही. उस्ताद, म्हणजे मैदानावरचा प्रशिक्षक, ती खोलून दाखवतो, रिक्रूट खोलतो, जोडतो, आणि चुकला की तिथल्या तिथे दुरुस्ती होते. तोच रिक्रूट आंतरवर्गात, म्हणजे कायद्याच्या तासाला, बसला की बहुधा वही उघडून कलमे उतरवून घेतो. पुढे पोलीस ठाण्यात मात्र रायफलीपेक्षा फिर्याद, झडती आणि पंचनामा यांच्याशीच त्याची गाठ अधिक पडते.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि प्रत्यक्ष सरावाची ही उणीव जास्तच बोचू लागली. त्यांतल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचे चित्रीकरण करावे लागते, तेही जप्त वस्तूंची यादी आणि पंचांच्या सह्यांसकट. हे फळ्यावर शिकवून येईल कसे? एका खोलीत टेबल, कपाट, दोन पंच आणि जप्त करायचा मोबाइल ठेवा, आणि रिक्रूटला शिकवण्याआधी प्रशिक्षकालाच झडती घ्यायला लावा. चित्रीकरण नेमके कधी सुरू करायचे, मोबाइल पंचांसमोर सीलबंद करताना कॅमेरा कुणी धरायचा, पंच वाचल्याशिवाय सही करायला तयार नसेल तर काय करायचे, हे प्रश्न तिथेच उभे राहतात. मग चित्रफीत लावून बचाव पक्षाचा वकील कुठे बोट ठेवेल, हे सहकाऱ्यांनी शोधावे.

हाच सराव प्रशिक्षक रिक्रूटांकडून करून घेईल, तेव्हा खरी कसोटी त्यानंतरच्या चर्चेत आहे. आयुष्यभर हुकूम देत आलेल्या अधिकाऱ्याला उत्तर माहीत असूनही गप्प राहणे आणि रिक्रूटला विचार करू देणे जड जाते. एका कार्यशाळेत, पडद्यावरच्या स्लाइड वाचून, हुकूम देण्याची ही सवय मोडणार नाही. त्याचा वर्ग कुणीतरी मागच्या बाकावर बसून पाहायला हवा, त्यावर बोलायला हवे, आणि पुन्हा पाहायला हवे.

प्रा. एम. एस. गोरे यांच्या समितीने पोलीस प्रशिक्षणाचा देशव्यापी आढावा घेतला, त्याला पन्नास वर्षे झाली. तरीही खात्यात प्रशिक्षण केंद्रातली नेमणूक म्हणजे ‘साइड पोस्टिंग’ हा समज पक्का आहे. गृह विभागाने उत्तम तपास केलेले अधिकारी निवडून ठरावीक मुदतीसाठी या केंद्रांत पाठवावेत, त्या कामाची बढतीत दखल घ्यावी, आणि नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत त्यांना आधी शिकवण्याचा असा सराव द्यावा. रिक्रूटांच्या अंतिम परीक्षेतही निम्मे गुण लेखी उत्तरांऐवजी प्रत्यक्ष घेतलेल्या झडतीला आणि नोंदवलेल्या फिर्यादीला मिळावेत.