मी आलो, मी आले

आम्हा मराठीच्या मास्तरांना एक वाईट खोड असते. हाती कागद आला, की लाल पेन आपोआप उघडते. लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घसुद्धा मी दुरुस्त करून ठेवतो आणि घरात त्यावरून माझी यथेच्छ थट्टा होते. पण एक दुरुस्ती आठवली, की मला हसू येत नाही.

सातआठ वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले होते, 'मी जत्रेला गेले, पाळण्यात बसले.' मी प्रत्येक 'ले'चा 'लो' केला, आणि वर्गात तो निबंध वाचूनही दाखवला. वर्ग हसला. मीही हसलो. पुढच्या वर्षी ते नाव हजेरीपटावर नव्हते. जोगत्याच्या आयुष्यावरची राजन गवसांची 'भंडारभोग' मी त्याच वर्गात हळहळत शिकवली होती!

परवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काही कामासाठी गेलो होतो. 'पंचतारांकित' म्हटल्यावर झुंबरे आणि गालिचे डोळ्यांपुढे आणू नका. तिथे आहेत ते कारखाने, मालट्रका आणि शिफ्ट सुटली की चहाच्या गाड्यावर होणारी झुंबड. त्या झुंबडीतून हाक आली, "सर!"

तोच चेहरा. फौंड्रीत वाळूचे साचे करण्याचे काम. चहा झाला, आणि डब्याच्या पिशवीतून एक वही बाहेर आली. वहीभर पेन्सिलीने काढलेली स्वतःचीच चित्रे. पहिल्या पानांवर नुसती पाठ. पुढे चेहरा, पण डोळे मिटलेले. शेवटी शेवटी केसांत गजरा, अंगावर साडी, आणि डोळे थेट माझ्याकडे बघणारे. प्रत्येकाखाली तारीख आणि एक ओळ : 'आज मी अशी दिसले.'

"घरी ठाऊक आहे?" मी विचारले.

"आईनं एक चित्र भिंतीला लावलंय, सर. बाबा त्या भिंतीकडं पाठ करून जेवतात. पण काढून टाक म्हणत नाहीत."

आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे ज्याचे त्याने ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजीच सांगितले आहे. शेजारच्या कर्नाटकात मंजम्मा जोगतींना त्यांच्या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. हे सारे मी वर्तमानपत्रात वाचले होते. पण न्यायालय काही माझ्या हातातले लाल पेन काढून घ्यायला येणार नव्हते.

मग मला माझी आजी आठवली. आमच्या कोल्हापूरकडच्या कितीतरी बायकांप्रमाणे तीही जन्मभर 'मी आलो', 'मी जेवलो' असेच म्हणायची. तिचा 'लो' मला कधी खटकला नाही. तिच्यापुढे मला व्याकरण आठवत नसे, आजीच दिसे. तेवढीच नजर त्या निबंधाकडे बघताना माझ्यापाशी का नव्हती?

"त्या दिवशी माझं चुकलं," मी म्हणालो. ती काही बोलली नाही. नुसती वही मिटून पिशवीत ठेवली.

बस आली. सवयीने तोंडात 'अरे' आला होता. तो गिळला आणि म्हणालो, "जपून जा गं."

"येते, सर," ती म्हणाली.

या खेपेस दुरुस्त करण्यासारखे काहीच नव्हते.