हक्कसोडपत्राआधी
विठ्ठलवाडी स्टेशनभोवती आज इमारतीच इमारती. तरी कल्याण तालुक्यातल्या जुन्या शेतकरी घरांत वडील गेले की वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे खेपा सुरू होतात. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, गाव नमुना 6-क, मग फेरफार. मुलींची नावं चढतात आणि पाठोपाठ हक्कसोडपत्र पुढे सरकतं : ‘ताई, इथे सही कर, माहेर तुझंच आहे.’ हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने 1994 मध्ये तेव्हा अविवाहित असलेल्या मुलीला, देशाने 2005 मध्ये विवाहित मुलीलाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. 2005 च्या आधी वडील वारले असले तरी तो बुडत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल आहे. सही करायची की नाही, ही तिची मर्जी. पण दुय्यम निबंधकाकडे नेण्याआधी तिला तिच्या हिश्शाचे गुंठे आणि आजचा भाव घरीच सांगा.